दंष्ट्री प्राण्याचा ताबा : शेजाऱ्याच्या कुत्र्याविषयीच्या उत्तरदायित्वाचा इतिहास

केज तालुक्यातील एखाद्या गावी कुत्रे चावल्याची तक्रार घेऊन शेजारी शेजाऱ्याच्या दारी गेला, म्हणजे त्यास बहुधा एक ठराविक उत्तर मिळते : "कुत्रं आमचं नाही. दारात येतंय, भाकर टाकतोत इतकंच." हे उत्तर वरवर पाहता निव्वळ टाळाटाळीचे वाटते. परंतु त्याची फोड केली असता त्यात दोन स्वतंत्र विधाने आढळतात. पहिल्यात स्वामित्वाचा इन्कार आहे. दुसऱ्यात पोषणाची कबुली आहे. पोसणारा हा धनी होतो किंवा कसे, आणि धनी नसलेल्या परंतु पोसणाऱ्या माणसाने प्राण्याच्या उपद्रवाबद्दल उत्तर द्यावे किंवा कसे, हा प्रश्न केजच्या चावडीपेक्षा पुष्कळच जुना आहे. मांजरेच्या खोऱ्यातील या गावावर कल्याणीचे चालुक्य, देवगिरीचे यादव, बहामनी, निजामशाही, मोगल आणि आसफजाही अशा राजवटी होऊन गेल्या. त्यांपैकी प्रत्येकीच्या न्यायव्यवस्थेने या प्रश्नास उत्तर दिलेच असेल असे नव्हे. परंतु ज्यांनी दिले त्यांच्या उत्तरांत एक सूत्र सातत्याने दिसते. धन्याची जबाबदारी कुत्र्याच्या दातापासून सुरू होत नाही. धन्यास कळले, किंवा कळावयास हवे होते, त्या क्षणापासून ती सुरू होते.

कुत्र्याने परक्यावर भुंकावे आणि ओळखीच्यास सोडावे, ही अपेक्षा ऋग्वेदातही व्यक्त झालेली आहे. सातव्या मंडलातील पंचावन्नावे सूक्त हे वास्तोष्पतीला, म्हणजे घराच्या रक्षक देवतेला, उद्देशून आरंभते आणि लगेच एका कुत्र्याशी बोलू लागते. चोरावर, दरोडेखोरावर भुंक. आम्ही तर इंद्राचे स्तोते, आमच्यावर का धावतोस. झोपी जा, असा त्याचा आशय आहे. परंपरेने हे सूक्त निद्रा आणणाऱ्या मंत्रात गणले. येथे धनी कोठेच नाही. कुत्र्याचा बंदोबस्त कुत्र्याशीच बोलून करावयाचा आहे. रात्रीच्या वीजपुरवठ्याच्या पाळीत मोटार चालू करण्यासाठी दुसऱ्याच्या वस्तीवरून जाणारा शेतकरी आजही प्रथम हेच करतो. फरक इतकाच की त्याच्या हाती मंत्राऐवजी काठी व विजेरी असते.

धनी प्रथम स्पष्टपणे दिसतो तो अर्थशास्त्र आणि स्मृती या वाङ्मयात. कौटिल्याच्या चौथ्या, म्हणजे कंटकशोधनाच्या अधिकरणात असा नियम आहे की, शिंगाच्या किंवा दाढेच्या प्राण्याकडून एखाद्यास इजा होत असता जो धनी त्यास सोडवीत नाही, त्यास प्रथम साहसाचा दंड करावा. आणि पीडिताने ओरडून मदत मागितली असल्यास तो दुप्पट करावा. याज्ञवल्क्य स्मृतीच्या व्यवहाराध्यायात जवळजवळ हाच नियम येतो. तेथे समर्थ असूनही न सोडविणारा, अशी अट शब्दांत घातलेली आहे. याज्ञवल्क्याच्या गणनेप्रमाणे प्रथम साहसाचा दंड २७० पणांचा, म्हणजे अशा प्रसंगी दुपटीने ५४० पणांचा होतो.

या नियमातील दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली ही की, प्राण्याने इजा केली एवढ्यावरून येथे दंड होत नाही. धन्याने सोडविले नाही, यावरून होतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. पीडिताचा आवाज हा येथे दंड वाढविणारे स्वतंत्र कारण ठरलेला आहे. याज्ञवल्क्याचा शब्द 'विक्रुष्ट' असा आहे, कौटिल्याचा 'प्रतिक्रुष्ट'. दोन्ही क्रुश् या धातूपासून आलेले. याच धातूपासून 'क्रोश' हा शब्द निघाला. त्याचा मूळ अर्थ हाक किंवा ओरड असा, आणि पुढे हाक जेथवर ऐकू जाते तेवढे अंतर असा. मराठीतील 'कोस' तो हाच. ओरड जेथवर पोहोचते तेथवर धन्याचे अज्ञान पोहोचत नाही, असे या नियमाचे तात्पर्य सांगता येईल. हाक ऐकल्यावर तो 'मला ठाऊक नव्हते' असे म्हणू शकत नाही.

याज्ञवल्क्यावरील मिताक्षरा ही टीका विज्ञानेश्वराने कल्याणीस, सहाव्या विक्रमादित्याच्या कारकिर्दीत (इ. स. १०७६ ते ११२६) लिहिली. कल्याणी म्हणजे बिदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण. केज तालुक्याच्या दक्षिणेकडून वाहणारी मांजरा पुढे त्याच बिदर जिल्ह्यात शिरते. तेव्हा केजच्या संदर्भात मिताक्षरेचे स्मरण करणे हे दूरचे नाते जोडण्यासारखे नाही. परंतु विज्ञानेश्वर 'दंष्ट्री' या शब्दाचा अर्थ हत्ती इत्यादी असा करतो, आणि 'शृंगी' याचा गाय इत्यादी. अकुशल माणसाच्या हाती हाकावयास दिलेले जनावर त्याच्या डोळ्यांपुढे आहे. दाढेचा जो प्राणी गल्लोगल्ली भेटतो, त्याचे नाव तो घेत नाही.

हे वगळणे अनवधानाचे असेल असे वाटत नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात कुत्री आणि गाढवे हे गावाबाहेर राहावयास लावलेल्या चांडालांचे धन म्हणून सांगितले आहे. महाभारताच्या अखेरीस युधिष्ठिर कुत्र्यासह स्वर्गाच्या दारी येतो, तेव्हा कुत्रा बाळगणारास येथे स्थान नाही, असेच इंद्र त्यास सांगतो. ज्या समाजरचनेत कुत्रा बाळगणे हे हीनत्वाचे चिन्ह, तीत प्रतिष्ठित घराच्या उंबऱ्यावरील कुत्रे 'आमचे' म्हणून कोण सांगेल? हत्तीस धनी असतो, बैलास असतो. कुत्र्यास भाकरी असते. खंडोबाच्या उपासनेत कुत्र्यास मान आहे, दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत. त्यामुळे त्यास मारणे पाप ठरले आणि भाकरी घालणे पुण्य. परंतु मालकी मात्र कोणाकडेच आली नाही. शेजाऱ्याचे उत्तर या दृष्टीने पाहिले असता त्याचा उगम व्यक्तीच्या लबाडीहून जुना आहे हे कळते. अर्थात त्यामुळे लबाडी नाहीशी होते असे नव्हे.

भाषेचा पुरावाही याच दिशेने जातो. गुरांस आवरण्यासाठी मराठीत जितके शब्द आहेत तितके क्वचितच दुसऱ्या एखाद्या विषयास असतील : दावे, कासरा, वेसण, म्होरकी, मुसके, लोढणे. स्वभावाचे वर्णनही नेमके. बैल मारका असतो, घोडे लाथाळ असते, गुरू ओढाळ असते. कुत्र्याच्या वाट्यास यांपैकी 'चावरे' हे विशेषण आले, आणि आवरण्याच्या साधनांत साखळी व पट्टा. हे दोन्ही शब्द कुत्र्याखातर घडलेले नाहीत. पट्टा कमरेचाही असतो, साखळी दाराचीही असते. ज्या प्राण्यास बांधून ठेवणे हा शेतकऱ्याच्या नित्यकर्माचा भाग, त्यास बांधण्याचे शब्द घडले. कुत्र्याकडून रात्री मोकळे फिरण्याचीच अपेक्षा होती.

यांपैकी लोढणे विशेष विचार करण्याजोगे आहे. द्वाड जनावराच्या गळ्यात अडकविलेला हा लाकडी ओंडका. धावू लागताच तो पुढच्या पायांवर आदळतो आणि वेग आपोआप मोडतो. मोल्सवर्थच्या कोशात हा शब्द नोंदलेला आहे. ग्रीसमध्ये सोलोनने चावऱ्या कुत्र्यासाठी जवळजवळ हीच युक्ती कायद्यात घातली होती. चावलेले कुत्रे गळ्यात तीन हात लांबीचे लाकूड बांधून पीडिताच्या स्वाधीन करावे, असा त्याचा नियम प्लुटार्कने दिला आहे. पारशांच्या वेंदिदाद या धर्मग्रंथाच्या तेराव्या प्रकरणातही पिसाळलेल्या, न भुंकता चावणाऱ्या कुत्र्याच्या गळ्यात लाकडी जोखड घालून त्यास बांधावे असे सांगितले असून, लाकूड कठीण असल्यास किती जाड आणि मऊ असल्यास किती, हेही दिलेले आहे. तेथे मात्र न बांधता कुत्रे चावले तर अंगच्छेदाची शिक्षा कुत्र्यासच आहे, आणि तिचा आरंभ कानापासून होतो. मराठीने लोढणे गुरांसाठी ठेवले, आणि पुढे ते नको असलेल्या जबाबदारीसाठी लाक्षणिक अर्थाने वापरले. चावऱ्या कुत्र्याचा धनी होणे हे आपल्याकडे गळ्यातले लोढणे झाले. कुत्र्याचा गळा मोकळाच राहिला.

धन्यास आगाऊ कळविण्याचे तत्त्व सर्वांत स्वच्छ रूपात सापडते ते मात्र फार दूर, मेसोपोटेमियात. बगदादजवळील तेल हरमल येथील उत्खननात १९४५ नंतर मिळालेल्या मृत्तिकाफलकांवरून एश्नुन्ना या नगरराज्याचे कायदे उजेडात आले. ते हम्मुराबीच्याही आधीचे मानले जातात. त्यांत असे आहे की, कुत्रे पिसाळलेले असून वस्तीच्या कारभाऱ्यांनी धन्यास तसे कळविले, तरी त्याने ते आवरले नाही आणि त्याच्या चाव्याने माणूस मेला, तर धन्याने चाळीस शेकेल चांदी द्यावी. मेलेला गुलाम असल्यास पंधरा. मनुष्याच्या किमतीतील हा भेद त्या समाजाचा आहे. परंतु कळविणारा कोण, हे पाहावे. मूळ शब्द राजवाड्याचा नाही. तो वेशीचा, आळीचा, म्हणजे शेजाऱ्यांच्या समुदायाचा आहे. याज्ञवल्क्याची ओरड आणि एश्नुन्नाची सूचना यांत एकच फरक आहे : पहिली दात लागल्यावरची, दुसरी त्यापूर्वीची.

इंग्रजी न्यायपरंपरेत हेच तत्त्व धन्याच्या पूर्वज्ञानाच्या रूपाने वाढले. कुत्रे स्वभावाने चावरे आहे हे मालकास ठाऊक होते, असे सिद्ध केल्याशिवाय भरपाई मिळत नसे. यावरूनच प्रत्येक कुत्र्यास पहिला चावा माफ, अशी थट्टेची म्हण तेथे रूढ झाली. मेंढपाळांस हे परवडेना. १८६५ मध्ये मेंढ्या व गुरे यांच्या बाबतीत ही अट इंग्लंडात काढून टाकण्यात आली. माणसाच्या पोटरीपेक्षा मेंढीस लवकर न्याय मिळाला असे म्हणावयास हरकत नाही.

हिंदुस्थानात कंपनी सरकारने प्रथम कुत्र्याकडे पाहिले ते शेजाऱ्याच्या तक्रारीतून नव्हे, तर नगराच्या साफसफाईतून. मुंबईत वर्षातील ठराविक मुदतीत मोकाट कुत्री मारण्याचा नियम १८१३ पासून होता. १८३२ मध्ये ती मुदत वाढविण्यात आली. मारलेल्या कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस असे. ६ जून १८३२ रोजी, पारशांच्या पवित्र दिवशी, कोटात कुत्री मारीत असलेल्या शिपायांवर जमावाने हल्ला केला. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद राहिली, कुलाब्याच्या लष्करी तळाकडे जाणारा पुरवठा अडविला गेला, आणि अखेर सैन्य बोलवावे लागले. पारशांबरोबर हिंदू, जैन आणि मुसलमानही यात सामील होते. पारशांच्या अंत्यविधीत कुत्र्याची दृष्टी प्रेतावर पडणे आवश्यक, म्हणून हा धार्मिक प्रक्षोभ झाला, असे सामान्यतः सांगितले जाते, आणि ते खोटे नाही. परंतु नगामागे आठ आणे घेणाऱ्या माणसास रस्त्यावरचे कुत्रे आणि ओट्यावरचे कुत्रे यांत भेद करण्याचे काही कारण नव्हते. घरची कुत्रीही पकडली जातात, अशी लोकांची तक्रार होती. ज्यांच्या धर्मग्रंथात चावऱ्या कुत्र्याच्या जोखडाची जाडीही नेमून दिलेली, ते लोक जबाबदारी नाकारीत होते असे म्हणता येत नाही. 'मोकाट' आणि 'पाळीव' यांमधील रेषा कोणी आखावयाची, हा तेथील खरा वाद होता. पुढे मुंबईच्या पालिका कायद्यात कुत्र्यांवरील कराची तरतूद आली, तेव्हा ही रेषा नोंदवहीत उतरली : ज्याचा कर भरला त्यास धनी आहे.

खेड्यांत अशी नोंद झाली नाही. गुरांच्या अतिक्रमणासाठी १८७१ चा कायदा झाला आणि कोंडवाडा ही संस्था गावोगाव पोहोचली. त्या कायद्यातील 'गुरे' या संज्ञेत हत्ती, उंट, म्हशी, घोडे, खेचरे, गाढवे, डुकरे, मेंढ्या आणि शेळ्या इतक्यांचा समावेश आहे, कुत्र्याचा नाही. शेजाऱ्याची शेळी हरभऱ्यात शिरली तर तिला नेण्यास जागा होती, दंडाचा दर होता, पावती होती. शेजाऱ्याचे कुत्रे अंगणात शिरून पोरास चावले तर चावडीवर जाऊन बोलणे, एवढेच होते.

१८६० च्या भारतीय दंडसंहितेतील २८९ वे कलम ही उणीव काही अंशी भरून काढते. आपल्या ताब्यातील प्राण्यापासून मनुष्याच्या जिवास, अथवा जबर दुखापत होण्याचा संभाव्य धोका टाळण्यास पुरेसा बंदोबस्त जो जाणूनबुजून किंवा हयगयीने करीत नाही, त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तीत तरतूद होती. हे कलम सार्वजनिक आरोग्य व सुरक्षितता यांच्या प्रकरणात घातलेले आहे. कौटिल्याने आपला नियम कंटकशोधनात घातला होता, त्याचे येथे स्मरण होते. चावा प्रत्यक्ष घडला पाहिजे अशी अट या कलमात नाही. धोका संभाव्य असला म्हणजे पुरे. मात्र तो जबर दुखापतीचा किंवा जिवाचा असला पाहिजे. साधे ओरखडे त्यात बसत नाहीत, असा युक्तिवाद करता येतो आणि केला जातो. त्यास उत्तर वैद्यकशास्त्राने दिले. सुश्रुताने कल्पस्थानात अलर्कविष आणि त्यातून होणारा जलत्रास वर्णिला होता. १८८५ मध्ये पाश्चरने लस टोचून दाखविली. लस न दिलेल्या कुत्र्याचा दात कितीही उथळ लागला तरी तो जिवाचा धोका ठरू शकतो, हे ज्ञान आता कोणाही मालकास नाकारता येण्यासारखे नाही.

केजास हे कलम उशिरा आले. आसफजाही राज्यात स्वतंत्र दंडसंहिता होती आणि वरिष्ठ न्यायालयांचा व्यवहार उर्दूत चाले. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि १ एप्रिल १९५१ पासून भारतीय दंडसंहिता तेथे लागू झाली. जिल्हा १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. राज्य बदलले, न्यायालयाची भाषा बदलली. परंतु या प्रश्नातील कळीचा शब्द दोन्ही भाषांस पुरून उरला. तो म्हणजे 'ताबा'.

अरबी-फारसीतून आलेल्या या शब्दास मराठीत दोन अर्थ आहेत. शेताचा ताबा म्हणजे कबजा. जिभेवर ताबा म्हणजे संयम. इंग्रजी कायद्यात या दोन कल्पनांस दोन निराळे शब्द आहेत, आणि २८९ व्या कलमाचा सारा भर त्यांच्या निराळेपणावर आहे : प्राणी पहिल्या अर्थाने ताब्यात असून दुसऱ्या अर्थाने ताब्यात नाही, हाच अपराध. मराठीत मात्र 'कुत्रं आमच्या ताब्यात नाही' या एकाच वाक्यात आरोपी दोन्ही गोष्टी बोलून जातो. ते ऐकेना, असे त्यास म्हणावयाचे असते; ते माझे नव्हे, असे लिहून घेतले जाते. उलटही घडू शकते. जबाब लिहिणाराने या ठिकाणी दोन वाक्ये लिहिली पाहिजेत, ही सूचना भाषेच्या अभ्यासकाची असली तरी फौजदारी महत्त्वाची आहे.

कबजाच्या अर्थानेही प्रश्न सरळ नाही. मालक केजास किंवा अंबाजोगाईस राहतो. वस्तीवर सालगडी असतो. कुत्रे सालगड्याच्या हातची भाकरी खाते आणि मालकाच्या सोयाबीनची राखण करते. चावले तर उत्तर कोणी द्यावयाचे? चौकशीस आलेला माणूस बहुधा सालगड्याचेच नाव घालतो, कारण तो समोर असतो. पण नोकराने धन्याच्या वतीने जी मालमत्ता जवळ बाळगली तिचा ताबा धन्याचाच, असे दंडसंहितेच्या २७ व्या कलमाने सांगितले होते. त्याच न्यायाने वस्तीवरचे कुत्रेही, ते ठेवण्यास मालकाने सांगितले असल्यास, मालकाच्या ताब्यात मानले पाहिजे. वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या माणसाच्या माथी हे लोढणे जाऊ नये, यासाठी तरी हे कलम चावडीवर ठाऊक असावयास हवे होते.

ऊसतोडीच्या हंगामात गुंता आणखी वाढतो. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या कोयते घेऊन कारखान्यांच्या फडांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. काही कुत्री गाडीबरोबर जातात, काही बंद घरापुढे राहतात. पाच-सहा महिने त्यांस गल्लीतील कोणी ना कोणी शिळेपाके घालते. आणि उपासमारीने किंवा पिलांच्या मायेने कुत्री अंगावर येऊ लागली, म्हणजे घराचा मालक पन्नास कोसांवर आणि भाकरी घालणारी म्हातारी समोर, अशी स्थिती होते. भुकेल्या जिवास तुकडा टाकणे याचा अर्थ ताबा घेणे असा कोणतेही शहाणे न्यायालय करणार नाही. परंतु तोच तुकडा रोज, ठरल्या वेळी, आपल्याच दारात पडू लागला आणि कुत्रे ते दार राखू लागले, म्हणजे भूतदया कोठे संपते आणि ताबा कोठे सुरू होतो, हे सांगणे अवघड होते. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी पाळीव प्राणी निराळे व रस्त्यावरचे, समाजाने सांभाळलेले प्राणी निराळे, असा भेद केला आहे. नसबंदी व लसीकरण यांच्या सोयीसाठी तो उपयुक्त आहे. पण चाव्याच्या तक्रारीत हे दारचे कुत्रे नेमके त्या दोहोंच्या मध्ये उभे असते.

१ जुलै २०२४ पासून २८९ व्या कलमाची जागा भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमाने घेतली. शब्दयोजना जवळजवळ तीच राहिली. कैदेची मर्यादा तीच, दंडाची मर्यादा ५००० रुपये झाली. जबर दुखापतीच्या व्याख्येत, माणूस नित्याचे व्यवहार करू शकत नाही अशा दिवसांची संख्या वीसवरून पंधरावर आली. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईच्या पोटरीस चावा बसला असता हा पाच दिवसांचा फरक लहान नाही.

दंडाच्या या कलमापेक्षा शेजाऱ्याच्या उपयोगाची तरतूद फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात आहे. लोकांस ती फारशी परिचित नाही. जुन्या संहितेचे १३३ वे आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेचे १५२ वे कलम जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा विशेष अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी यांस, धोकादायक प्राणी नष्ट करण्याचा, बांधून ठेवण्याचा किंवा त्याची अन्य व्यवस्था लावण्याचा सशर्त आदेश देऊ देते. अशा आदेशास अपराध सिद्ध होण्याची गरज नाही, आणि चावा होण्याचीही नाही. इमारती व विहिरी यांच्या बाबतीत हे कलम स्वामित्व, ताबा आणि नियंत्रण असे तीन आधार सांगते. प्राण्याच्या बाबतीत पहिले दोनच सांगते. नियंत्रण हा तेथे जबाबदारीचा आधार नाही, कारण नियंत्रण नाही म्हणूनच तर अर्जदार आलेला असतो.

अर्ज साध्या कागदावर, मराठीत करता येतो. त्यात कुत्र्याचा रंग, ते कोणाच्या दारी बसते, भाकरी कोण घालते, रात्री कोण सोडते, कोणत्या तारखेस कोणावर धावले आणि त्या घरी तोंडी कोणी, केव्हा सांगितले, एवढे लिहावे लागते. यांतील शेवटची बाब अर्जदार नेहमी गाळतात. याज्ञवल्क्याने दंड दुप्पट केला तो तिच्यासाठी, आणि एश्नुन्नाच्या कायद्याने चाळीस शेकेल ठरविले तेही तिच्यासाठीच. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक लिपिकाचा शिक्का, तारीख आणि सही पडली, म्हणजे ओरड झाल्याची पोच मिळाली असे समजावे.